चिलटाच्या मेंदूतील घटिकायंत्र

पिकलेल्या केळीच्या घडाभोवती भिरभिरणारे चिलट ज्याने पाहिले नाही असा माणूस आपल्या खानदेशात सापडणे कठीण. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तापीकाठच्या तालुक्यांत केळीच्या बागा आहेत, आणि केळी पिकली की चिलट हजर होतेच. ते हाताने हाकलावे, फार झाले तर फळ टाकून द्यावे, यापलीकडे या जीवाचा विचार करण्याची गरज आपणांस कधी भासली नाही. परंतु विसाव्या शतकातील जीवशास्त्राचा इतिहास सांगावयाचा झाल्यास या चिलटास मानाचे पान द्यावे लागते. माणूस रात्री का झोपतो आणि पहाटे का जागा होतो, या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा याच जीवाच्या शरीरात सापडला. तो कसा सापडला, त्या कार्यात आपल्या मराठी मुलुखाचा व आपल्या देशाचा वाटा कोणता, आणि आपल्या श्रद्धावंत कुटुंबांनी त्यातून काय घ्यावे, हे सांगण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. पेरू, आंबा आणि वेलवर्गीय भाज्या यांना डंख मारून नासवणारी जी फळमाशी शेतकऱ्यांस ठाऊक आहे, ती ही नव्हे. ती आकाराने मोठी व पिकाची शत्रू. आमच्या लेखाचा विषय आहे आंबू लागलेल्या फळावर येणारे, तांबड्या डोळ्यांचे, दोन-तीन मिलिमीटर लांबीचे चिलट. शास्त्रज्ञ त्यास ड्रोसोफिला म्हणतात. या ग्रीक नावाचा अर्थ दवाची आवड असणारा जीव असा आहे.

मठाची घंटा आणि रोपाची पाने

दिवसाचे प्रहर पाडून माणसाचे जीवन नियमित करण्याच्या कामी ख्रिस्तसभेचा वाटा मोठा आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत प्रार्थनेच्या वेळा काटेकोरपणे ठरवून दिल्या आहेत. तथापि त्याच नियमावलीत झोपेविषयी किती जिव्हाळा आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हिवाळ्यात मठवासीयांनी मध्यरात्र उलटून गेल्यानंतरच उठावे, म्हणजे त्यांची झोप पुरी होईल, अशी तरतूद त्यांनी केली. उन्हाळ्यात दुपारच्या भोजनानंतर प्रत्येकाने आपापल्या बिछान्यावर शांतपणे पडावे, असेही त्यांनी सांगून ठेवले. दुपारच्या या विश्रांतीस स्पॅनिश भाषेत सिएस्टा म्हणतात. हा शब्द सहावा तास या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. आपल्याकडे जिला वामकुक्षी म्हणतात, तीच ही. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात यांत्रिक घड्याळे अवतरली, तेव्हा त्यांना प्रथम आश्रय मिळाला तो मठांत आणि मोठ्या मंदिरांच्या मनोऱ्यांत.

घंटा बाहेर वाजते आणि माणूस आतून जागा होतो, सूर्य उगवतो आणि सृष्टी डोळे उघडते, अशीच सर्वांची समजूत होती. तिला पहिला धक्का दिला एका रोपट्याने. १७२९ साली द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधारात ठेवले. सूर्यप्रकाश मुळीच नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. सूर्याची वेळ त्या रोपाच्या आतच कोठेतरी लिहिलेली असावी, असा त्याचा अर्थ होता. चिंचेची पाने रात्री मिटतात हे आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होते. ती पाने अंधाऱ्या खोलीत काय करतील, असा प्रश्न मात्र कोणास पडला नव्हता. द मेरां यांचे निरीक्षण नोंदले गेले, आणि त्यातील प्रश्न पुढची दोनशे वर्षे जवळजवळ तसाच राहिला.

मठाच्या बागेतून प्रयोगशाळेत

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे साधन पुन्हा एका मठातूनच आले. ऑगस्टीनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढवली आणि आईबापांचे गुण संततीत कोणत्या नियमाने उतरतात, हे १८६५ साली विद्वानांच्या सभेत मांडले. १८६६ साली त्यांचा निबंध छापून निघाला, परंतु त्याचे मोल कोणास कळले नाही. मेंडेल १८८४ साली निवर्तले आणि जगाने त्यांना ओळखले ते १९०० साली.

त्यानंतर काही वर्षांतच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी चिलटे पाळण्यास आरंभ केला. दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत पिकलेली केळी घालून ते त्यांना वाढवीत. चिलटाची एक पिढी सुमारे दहा दिवसांत पुरी होते. तेव्हा वाटाण्याच्या बागेत वर्षे लागणारे काम बाटलीत काही आठवड्यांत होऊ लागले. १९१० साली मॉर्गन यांना तांबड्या डोळ्यांच्या माशांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला आणि आनुवंशिकतेच्या शास्त्राला मोठी गती मिळाली.

चिलटे कोशातून बाहेर पडतात ती बहुधा पहाटे, हवा ओलसर असताना. त्यांचे कोवळे पंख त्या वेळी सुकून जात नाहीत. कॉलिन पिटेंड्रिघ या जीवशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले की, अंधारात ठेवलेली चिलटेही सुमारे चोवीस तासांच्या अंतराने याच क्रमाने बाहेर येतात, आणि हवा गार असो की उष्ण, हा काळ फारसा बदलत नाही. जे घड्याळ उन्हात पुढे पळते व थंडीत मागे पडते, त्याचा भरवसा कोण धरील? चिलटाच्या आतील घड्याळ मात्र भरवशाचे निघाले.

आता ते घड्याळ कशाचे बनले आहे, हे शोधावयाचे उरले. कॅलिफोर्नियातील सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत रोनाल्ड कोनोप्का नावाचा एक तरुण विद्यार्थी होता. पिढ्यान्पिढ्यांच्या चिलटांवर पहारा ठेवून त्याने वेळ चुकणाऱ्या माशा निवडून काढल्या. त्याला तीन प्रकार मिळाले. एकाचा दिवस १९ तासांचा होता, दुसऱ्याचा २८ तासांचा, आणि तिसऱ्याला दिवस-रात्रीचे भानच नव्हते. नवल असे की, हे तिन्ही दोष एकाच जनुकात होते. १९७१ साली गुरुशिष्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. त्या जनुकास पीरियड असे नाव पडले.

मराठी मुलुखाचा व भारताचा वाटा

हे सर्व सातासमुद्रांपलीकडे चालले होते असे समजण्याचे कारण नाही. मुंबईस कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून डॉ. ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे त्यांनी बेंझर यांच्यासमवेत काम केले, आणि तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या चिलटांवर या दोघांचा निबंध १९७६ साली निघाला. मुंबईची ही प्रयोगशाळा चिलटांच्या मेंदूच्या अभ्यासाचे भारतातील माहेरघर बनली. नैरोबीत जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या कुटुंबातील डॉ. वेरोनिका रॉड्रिग्ज याच संस्थेत सिद्दिकींच्या शिष्या म्हणून आल्या, आणि चिलटाला वास व चव कशी कळते या विषयात त्यांनी जगात नाव मिळवले. २०१० साली त्यांचे व २०१३ साली सिद्दिकी यांचे निधन झाले.

प्रत्यक्ष घड्याळाच्या अभ्यासाची परंपरा आपल्या देशात मदुराई येथे डॉ. एम. के. चंद्रशेखरन यांनी रुजवली. पुढे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तेथे चिलटांच्या ६०० पिढ्या अखंड प्रकाशात वाढवण्यात आल्या. त्या चिलटांच्या कोणत्याही पूर्वजाने शेकडो पिढ्यांत रात्र म्हणून पाहिली नव्हती. तरीही त्यांना अंधारात नेताच कोशातून बाहेर पडण्याची ती जुनी लय त्यांच्यात जिवंत आढळली. माणसाच्या मोजणीने ६०० पिढ्या म्हणजे अब्राहामाच्या काळापेक्षाही कितीतरी मागे जावे लागेल. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या वाचकांस अभिमान वाटावा अशी आणखी एक जागा आहे. मराठी ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञ डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केली. ज्या शहरास आज अहिल्यानगर म्हणतात, तेथील या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. डी. एस. जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलटांच्या घड्याळाचे संशोधन दीर्घकाळ चालवले. भारताच्या दक्षिणेकडील व उत्तरेकडील निरनिराळ्या अक्षांशांवरून, तसेच हिमालयाच्या उंचीवरून त्यांनी एकाच जातीच्या चिलटांचे वंश गोळा केले व त्यांच्या लयींची तुलना केली. अक्षांशानुसार घड्याळाच्या चालीत फरक पडतो, आणि उंच हिमालयातील वंशांत कोशातून बाहेर येण्याची लय तापमानावर अवलंबून असते, असे त्यांस आढळले. २००२ साली हा दुसरा निष्कर्ष या विषयाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. कोट्यवधींची यंत्रसामग्री असलेल्या मोठ्या संस्थांच्या बरोबरीने एका जिल्ह्याच्या ठिकाणचे महाविद्यालय असे काम करू शकते, हे आपल्या तरुणांनी नोंदवून ठेवावे.

मेंदूतील पहारेकरी

पीरियड जनुकाचे कार्य उलगडण्यास पुढे अनेक वर्षे लागली. १९८४ साली अमेरिकेत जेफ्री हॉल व मायकेल रॉसबॅश यांनी, आणि त्याच सुमारास मायकेल यंग यांनी स्वतंत्रपणे, ते जनुक वेगळे काढले. १९९० च्या दशकात त्याची कळ हाती आली. शेतातील पाण्याच्या टाकीतला तरंगता चेंडू वाचकांस ठाऊक आहे. टाकी भरत आली की तोच चेंडू वर येऊन नळ बंद करतो, आणि पाणी उतरले की पुन्हा नळ उघडतो. चिलटाच्या पेशीतही असेच घडते. पीरियड जनुकापासून एक प्रथिन तयार होते. रात्र वाढत जाते तसे ते साठत जाते, एका जोडीदार प्रथिनासह पेशीच्या केंद्रात शिरते आणि आपल्याच जनुकाचे काम थांबवते. मग ते प्रथिन हळूहळू नष्ट होते आणि जनुक पुन्हा कामास लागते. या एका फेऱ्यास लागतात सुमारे २४ तास. पहाटेचा प्रकाश त्या जोडीदार प्रथिनाचा नाश करतो, आणि त्यामुळे हे घड्याळ रोजच्या रोज सूर्याशी जुळवले जाते.

असे घड्याळ शरीराच्या अनेक पेशींत असले तरी झोप व जाग यांचा कारभार मेंदूतील मूठभर चेतापेशींकडे असतो. चिलटाच्या मेंदूत एक लाखाहून अधिक पेशी आहेत. त्यांपैकी घड्याळाच्या पेशी सुमारे १५० आहेत असे पूर्वी धरत. अलीकडे संपूर्ण मेंदूचा नकाशा तयार झाल्यावर ही संख्या सुमारे २४० भरली. पहारेकऱ्यांनी पाळ्या वाटून घ्याव्यात तशी त्यांची कामे वाटलेली आहेत. काही पेशी पहाटेच्या हालचालीस चालना देतात, तर काही संध्याकाळच्या. ही विभागणी २००४ साली स्पष्ट झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंस असलेल्या काही मोठ्या पेशी प्रकाश पडताच चिलटास जागे करतात. २००८ साली हे दाखवून देणाऱ्या संशोधकांत डॉ. शीबा वासू या भारतीय विदुषीही होत्या. मेंदूच्या वरच्या अंगास असलेल्या आणखी काही पेशी सकाळ-संध्याकाळच्या पहारेकऱ्यांना आवर घालतात, आणि भर दुपारी चिलट झोपी जाते. हे २०१६ साली उमगले. पेशींचा हा गट हवेच्या तापमानाचीही सतत चाहूल घेत असतो, असे २०१८ साली दिसून आले.

होय, चिलटही वामकुक्षी घेते! आणि ऊन जितके कडक, तितकी त्याची दुपारची झोप लांबते व संध्याकाळचा उद्योग उशिरावर जातो. वैशाखात धुळे-जळगावचा पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की आपली गावेही हेच करतात. दुपारी रस्ते ओस पडतात आणि दिवस मावळतीस लागल्यावर बाजार फुलतो.

चिलटाचे हे निपचित पडणे खरी झोप आहे काय, अशी शंका पुष्कळांस होती. २००० साली दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी ती फेडली. झोपलेले चिलट सहजी जागे होत नाही. त्यास रात्रभर जागवले तर दुसऱ्या दिवशी ते झोपेची भरपाई करते. कॉफीतील द्रव्य दिले तर त्याची झोप उडते. येथेच झोपेचे दुसरे सूत्र दिसते. केव्हा झोपावे हे घड्याळ सांगते, आणि किती थकवा साचला आहे याचा हिशेब शरीर वेगळा ठेवते. या दोहोंचा मेळ बसला म्हणजे स्वस्थ झोप लागते. मेळ तुटला म्हणजे माणूस रात्रपाळीहून थकून येतो, दिवसा अंथरुणावर पडतो, आणि तरीही त्याचा डोळा लागत नाही.

चिलटाचे शास्त्र माणसास लागू पडते काय? २००१ साली अमेरिकेतील एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या घरातील काही माणसे पिढ्यान्पिढ्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपी जात आणि पहाटे साडेचारला जागी होत. त्यांच्यातील दोष सापडला तो चिलटाच्या पीरियड जनुकाच्या मानवी भावंडात. आपल्या मेंदूतही डोळ्यांमागील भागात सुमारे २०,००० पेशींचे मुख्य घड्याळ आहे. हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांच्यापासून हे सारे सुरू झाले, ते बेंझर २००७ साली व कोनोप्का २०१५ साली हे जग सोडून गेले होते. मेंडेल यांच्याप्रमाणेच पेरणारा एक आणि कापणी करणारे दुसरे, असे येथेही घडले.

हा इतिहास आणि आपली कुटुंबे

आता या इतिहासापासून आपण काय घ्यावे? ख्रिस्तसभेने जागरणाची थोरवी नेहमीच गायिली आहे. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, पुनरुत्थानाचे जागरण, मठवासीयांच्या पहाटेच्या प्रार्थना, ही सर्व आपल्या श्रद्धेची धने आहेत. जागरण हे अर्पण आहे ते अशासाठी की, त्यात शरीराची एक खरी गरज आपण प्रभूच्या चरणी वाहतो. ज्याचे काही मोलच नाही, त्याचे अर्पण कसले? म्हणूनच पवित्र शास्त्र झोपेस कोठेही तुच्छ लेखत नाही. खचून गेलेला एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली झोपला, तेव्हा देवदूताने त्यास उपदेश केला नाही. त्यास खाऊ घातले आणि पुन्हा झोपू दिले. वादळात प्रभू येशू स्वतः तारवात झोपले होते. गेथशेमाने बागेत शिष्यांचा डोळा लागला, तेव्हा प्रभूंनी त्यांना जागे केले खरे, पण शरीराचा दुबळेपणाही ओळखला. संत पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबले आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली धावत जाऊन त्यास कवटाळले. लांबलचक प्रवचने करणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी हा प्रसंग विसरू नये.

आपल्या घरांत मात्र झोपाळूपणास सरसकट आळस म्हणण्याची रीत आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींचे आतले घड्याळ काही वर्षे मागे सरकते, त्यांना रात्री उशिरा झोप येते व सकाळी लवकर जाग येत नाही, हे आज सिद्ध झाले आहे. अशा मुलांना बोल लावण्याआधी रात्री त्यांच्या हातातील मोबाईलचा प्रकाश आवरावा. त्या प्रकाशाने ते घड्याळ आणखी मागे पडते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास ध्यानात राहील अशी आशाही फारशी धरू नये.

यापेक्षाही गंभीर प्रश्न आपल्या शेतकरी बांधवांचा आहे. काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास वीज, अशी पाळी महाराष्ट्रातील शेतीपंपांच्या नशिबी वर्षानुवर्षे आली. थंडीच्या रात्री हातात बॅटरी घेऊन केळीला किंवा गव्हाला पाणी भरावयास जाणारा माणूस साप-विंचवाची भीती तर पत्करतोच. त्याशिवाय तो आपल्या शरीरातील घड्याळाच्या विरुद्ध दिशेने चालत असतो, आणि आठवडा बदलला की त्याची दिशा पुन्हा फिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाची गणना २००७ साली बहुधा कर्करोगकारक अशा गोष्टींत केली आणि २०१९ साली ती कायम ठेवली. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. ही मागणी केवळ सोयीची नव्हे, ती माणसाच्या घडणीस धरून केलेली न्यायाची मागणी आहे, हे या शास्त्रावरून स्पष्ट होते.

म्हणून आमची आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांस विनंती आहे. ज्या घरातील माणूस रात्री पाण्यावर, गिरणीत, रुग्णालयात किंवा पहाऱ्यावर असतो, त्या घरात दिवसा त्याच्या झोपेची राखण व्हावी. त्याची खोली अंधारी व शांत ठेवावी, शेजाऱ्यांनी ध्वनिक्षेपक आवरावेत, आणि रविवारच्या मिस्सेत त्याचा डोळा लागला तर कोणी त्यास कोपराने ढोसू नये. दिवस आणि रात्र वेगळी करणे हे उत्पत्तीच्या पहिल्याच दिवसाचे काम आहे. त्या कामाची खूण परमेश्वराने चिलटाच्या मेंदूतही राखून ठेवली आहे आणि आपल्याही. तिचा मान राखणे हा त्याच्या निर्मितीचा मान राखण्याचाच एक मार्ग होय.